विमानं दोन, गावं चार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून या पानावर विमानांचेच प्रश्न जास्त येतायत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण मुंबईच्या जुन्या सांताक्रूझ विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, मी बावीस वर्षं काढली, चाकाला चोक म्हणजे अडसर लावण्यापासून शिफ्ट सुपरवायझरपर्यंत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्तातल्या कंपन्यांची अगदी पहिली पहिली विमानं हाताखालून गेलीयत. या वेळचे बहुतेक प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात, की अशी कंपनी दोन-चार विमानांवर सुरू कशी होते आणि नवीन गावाला कधी जाते, म्हणून ते एकत्रच घेतलेत.

दादा, नवी मुंबई विमानतळावर सुरुवातीला इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्सप्रेस अशा स्वस्तातल्याच कंपन्या का आल्या? मोठ्या परदेशी कंपन्या का नाही? आपल्याला दुय्यम समजतात का? (एक वाचक ताई, खारघर)

नाही ताई, अजिबात नाही, उलट आहे. सांताक्रूझला रनवे दोन आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी खऱ्या अर्थाने एकच वापरता येतो, आणि एवढ्या एका रनवेवर २०१८ मधे एका दिवसात हजाराच्या वर विमानं उतरवलीयत आणि उडवलीयत. म्हणजे जागा संपलेली आहे. वेळेची जागा, ज्याला आम्ही स्लॉट म्हणतो, तीही संपलेली आणि रात्री विमान उभं करायची जागाही संपलेली. ज्या कंपनीची विमानं भराभर वाढतायत तिला सगळ्यात जास्त अडचण याचीच होते, कारण विमान विकत मिळतं, कर्जाने मिळतं, भाड्याने मिळतं, पण सकाळी सहाचा स्लॉट कुठे भाड्याने मिळत नाही.

म्हणून २५ डिसेंबर २०२५ ला उलव्याकडचा ३७०० मीटरचा नवीन रनवे प्रवाशांसाठी उघडला तेव्हा आधी धावत याच कंपन्या आल्या. परदेशी कंपनीला दुसरं गणित असतं, तिचे बरेच प्रवासी पुढे दुसरं विमान पकडणारे असतात, कार्गो असतो, त्यामुळे जिथे बाकीची विमानं आहेत तिथेच ती चिकटून राहते. स्वस्तातल्या कंपनीचा माणूस ठाण्याहून निघाला, जयपूरला उतरला, संपलं, त्याला पुढचं काही जोडून द्यायचं नसतं.

आणि हे जगभर असंच झालेलं आहे. अमेरिकेत डॅलसला १९७४ मधे नवीन मोठा विमानतळ झाला आणि सगळे तिकडे गेले तेव्हा साउथवेस्ट मात्र शहरातल्या जुन्या लव्ह फील्डवरच राहिली. इंग्लंडमधे इझीजेट १९९५ मधे सुरू झाली ती हीथ्रोवरून नाही तर ल्यूटनवरून, भाड्याची दोन बोइंग ७३७ घेऊन, आणि विमानाच्या अंगावर भल्या मोठ्या अक्षरात बुकिंगचा फोन नंबर रंगवलेला. तेव्हा दुय्यम वगैरे मनातून काढून टाका.

एक मात्र आहे, आपल्याकडे सुरुवातीला सकाळी ८ ते रात्री ८ असे बाराच तास ठेवले होते, आणि आठच्या आधी विमान हलणार नाही म्हटल्यावर दिवसातली किमान एक फेरी तरी बुडते. ती फेरी किती महत्त्वाची ते खाली येतंच आहे.

काका, इंडिगोकडे सुरुवातीला किती विमानं होती? आणि पहिल्याच दिवशी दिल्लीहून थेट इंफाळ का, मुंबई का नाही? प्रोजेक्टसाठी हवं आहे. (कॉलेजचा विद्यार्थी, ऐरोली)

चांगला प्रश्न विचारलास रे. पहिलं विमान २८ जुलै २००६ ला ताब्यात आलं आणि ४ ऑगस्टला दिल्ली-गुवाहाटी-इंफाळ अशी पहिली फ्लाइट. त्या वर्षाच्या शेवटी एकूण सहा विमानं, पुढच्या वर्षी आणखी नऊ. पण गंमत सहामधे नाहीये, गंमत आहे ती २००५ च्या जूनमधे. कंपनीचं एकही विमान उडालेलं नव्हतं, तिकीट विकलेलं नव्हतं, आणि कंपनी काढणाऱ्या राहुल भाटिया नि राकेश गंगवाल यांनी पॅरिसच्या एअर शोमधे १०० एअरबस ए-३२० ची ऑर्डर दिली. तेव्हा रॅम्पवर सगळे म्हणायचे हे काही खरं नाही.

आता बघ, दहा विमानं मागितली असती तर दहाचा भाव मिळाला असता, शंभर मागितल्यावर घाऊक भाव मिळतो, दादरच्या भाजी मार्केटमधे मिळतो तसाच. मग विमान कारखान्यातून आलं की ते एखाद्या लीजिंग कंपनीला, म्हणजे विमानं भाड्याने देणाऱ्या कंपनीला, विकायचं आणि त्याच दिवशी तिच्याकडून भाड्याने परत घ्यायचं, याला सेल अँड लीजबॅक म्हणतात. स्वस्तात घेतलेलं असल्यामुळे विकताना हातात पैसे उरतात, ते चालू खर्चाला येतात, आणि काही वर्षांनी भाड्याची मुदत संपली की विमान परत देऊन नवीन आणायचं, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांचा खर्च यायच्या आत ते हातातून गेलेलं असतं. म्हणून यांच्याकडे विमानं कायम नवीकोरी दिसायची. हे तुझ्या प्रोजेक्टमधे नक्की लिही, कारण बहुतेक जण फक्त "जेवण देत नाहीत म्हणून स्वस्त" एवढंच लिहितात आणि ते अर्धंच आहे.

आता इंफाळ. आपल्याकडे १९९४ पासून नियम आहे, रूट डिस्पर्सल म्हणतात. मुंबई-दिल्लीसारख्या मलईच्या मार्गांवर कंपनी जेवढी क्षमता लावते त्याच्या निदान दहा टक्के क्षमता ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा ठिकाणी लावावीच लागते. म्हणजे इंफाळला कधीतरी जायचंच होतं. आणि मला विचारशील तर तिथे गरजही खरी होती, रस्त्याने गुवाहाटी ते इंफाळ म्हणजे डोंगरातून आख्खा दिवस जातो, विमानाने तासाभरात, अशा ठिकाणी सीट रिकामी राहत नाही.

हे पण बघ की २००६ पासून २०१७ पर्यंत अकरा वर्षं त्यांनी एकाच जातीची विमानं ठेवली. एकच जात म्हणजे कुठलाही पायलट कुठल्याही विमानावर, इंजिनिअरला एकच लायसन, स्टोअरमधे एकाच विमानाचे स्पेअर. छोट्या गावांसाठी एटीआर, म्हणजे पंख्याची लहान विमानं, आणली ती थेट २०१७ च्या डिसेंबरात.

तुलना हवी असेल तर अकासा घे. ७ ऑगस्ट २०२२ ला मुंबई-अहमदाबादने सुरू झाली, बोइंग ७३७ मॅक्स, आधी ७२ ची ऑर्डर. त्यांनी पण तेच केलं, विमान एकाच जातीचं, आणि जसं जसं एकेक विमान येईल तसं तसं गाव वाढवत न्यायचं, मग बेंगळुरू-कोची, मग बेंगळुरू-मुंबई. वीस विमानं झाली की परदेशात जायला परवानगी मिळते, तशी त्यांची दोह्याची फ्लाइट मार्च २०२४ मधे सुरू झाली. इंडिगोच्या वेळी नियम कडक होता, वीस विमानं आणि वर पाच वर्षं, म्हणून ऑगस्ट २००६ ला सुरू झालेली कंपनी दुबईला गेली ती १ सप्टेंबर २०११ ला, पाच वर्षं पूर्ण होताच.

नवीन कंपनी सुरुवातीला जुनी, दुसऱ्यांनी वापरलेली विमानं भाड्याने आणते असं मुलगा सांगत होता. मग आमच्यासारख्यांनी बसावं की नाही? (ज्येष्ठ वाचक, कोपरी, ठाणे)

काका, बसा, निश्चिंत बसा. जुनी विमानं भाड्याने आणून सुरुवात करणं हा या धंद्यातला नेहमीचा रस्ता आहे. मलेशियाच्या एअर एशियाला टोनी फर्नांडिस यांनी २००१ मधे एका रिंगिटला घेतलं तेव्हा दोन वापरलेली बोइंग ७३७ आणि चार कोटी रिंगिटचं कर्ज एवढंच होतं. आपल्याकडे एअर डेक्कन, कॅप्टन गोपीनाथांची, २००३ च्या ऑगस्टमधे ४८ सीटच्या एटीआर ४२ वर सुरू झाली, ती पंख्याची विमानं, जेट नाही, जेट म्हणजे ए-३२० आलं ते दुसऱ्या वर्षी.

विमानाचं वय आणि विमानाची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती तास उडालं, किती वेळा उतरलं याची वही असते आणि त्यानुसार ए-चेक, सी-चेक ठरलेले असतात, सी-चेकला विमान हँगरमधे जाऊन आतून उघडलं जातं. एखादा पार्ट ठरलेल्या तासांनी बदलायचा म्हणजे बदलायचाच, चांगला दिसतोय म्हणून ठेवता येत नाही. आणि तुम्ही आत बसायच्या आधी पायलट खाली उतरून विमानाला पूर्ण फेरी मारतो, रात्र असेल तर हातात टॉर्च, टायरवरचा काप बघतो, इंजिनाच्या पात्यांवर प्रकाश टाकून एखादं पातं वाकलंय का, पक्षी लागलाय का बघतो, पंखाखाली हात लावून तेल गळतंय का बघतो. हे मी हजारो वेळा बघितलंय, घाईचा टर्नअराउंड, म्हणजे आलेलं विमान लगेच परत पाठवायचं असलं, तरी ही फेरी कोणी चुकवत नाही.

जुन्या विमानाचा तोटा असतो तो इंधनाचा, म्हणजे एटीएफचा. जास्त पितं. तो कंपनीच्या खिशाला, तुमच्या जिवाला नाही.

दादा, मी मूळ कुडाळचा. चिपीला मुंबईहून विमान सुरू झालं तेव्हा आईला घेऊन गेलो होतो, ती खूप खूश होती. मग ते बंदच पडलं. गणपतीला अजूनही आम्ही रात्रभर गाडीत. असं का करतात? गावात माणसं नाहीत का? (वाचक, घणसोली)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझी बायको मालवणची आहे, मला माहितीये पनवेलपासून पुढे ती रात्र कशी जाते.

माणसं आहेत, गणपतीला तर विमान काय जहाज भरेल एवढी आहेत. प्रश्न आहे तो गणपती आणि मे महिना सोडून उरलेल्या दिवसांचा, आणि विमानाच्या मापाचा. हिशेब साधा आहे. ए-३२० मधे १८० सीट. रोज एक फेरी म्हटली तर जाताना १८० आणि येताना १८०, म्हणजे रोज ३६० माणसं हवीत, पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, मंगळवारी दुपारी सुद्धा. एटीआर ७२ असेल तर ७८ सीट, रोज १५६ माणसं. छोट्या गावाला हे माप बसतं. शिवाय सरकारने लहान विमानांना सवलत दिलेली आहे, ८० पेक्षा कमी सीट असतील तर लँडिंगचे पैसे नाहीत, आणि पंख्याच्या लहान विमानाच्या इंधनावर विक्रीकर कमी, जेटच्या इंधनावर काही राज्यांत त्याच्या कित्येक पट. तुम्ही कधी विचार केलात का की स्पाइसजेटच्या क्यू-४०० या पंख्याच्या विमानात ७८ आणि इंडिगोच्या एटीआरमधे पण ७८ च सीट का, ते या ८० च्या रेषेमुळे.

मग एटीआर तरी का टिकत नाही? चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला आणि मुंबईची सेवा उडान योजनेतली होती. उडान म्हणजे काय, तर कंपनीने काही सीट ठराविक कमी भाड्याने द्यायच्या, योजना आली तेव्हा साधारण तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये, आणि त्यात येणारी तूट सरकारने भरून द्यायची, पण तीन वर्षंच. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील अशी अपेक्षा. राहिला तर ठीक, नाही राहिला तर तीन वर्षं संपली की कंपनी ते विमान उचलून दुसरीकडे लावते.

आणि पायावर उभा का राहत नाही, तर माझं स्पष्ट मत असं आहे की वेळापत्रकामुळे. आमच्या मुंबईच्या टोकाला सकाळचा स्लॉट मिळायचा नाही, मग विमान दुपारी जायचं. दुपारी जाणाऱ्या विमानाने ना एका दिवसात कोर्टाचं काम करून परत येता येतं ना व्यापाऱ्याला माल बघून परतता येतं, म्हणजे रोजचा गिऱ्हाईक असतो तोच तुटतो आणि उरतो फक्त सणाचा. त्यात पावसात ढग खाली आले की रद्द, आणि दोनदा रद्द झालं की माणूस म्हणतो नको रे बाबा, कोकणकन्या बरी. छोट्या मार्गाला दर वेळी अर्धं भरलेलं विमान एक वेळ चालतं, पण माणसाचा भरवसा उडाला की चालत नाही.

म्हणून मला नवी मुंबईकडून खरी आशा आहे ती इथेच. सकाळचे स्लॉट जर कोल्हापूर, नांदेड, जळगाव, चिपी, अमरावती यांच्यासाठी थोडे तरी बाजूला काढून ठेवले, सगळे बेंगळुरू-दिल्लीला वाटून टाकले नाहीत, तर हे मार्ग जगतील. आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींना भेटाल तेव्हा "आमच्या गावाला विमान द्या" असं मागू नका, "आमच्या गावाला सकाळचा स्लॉट आणि संध्याकाळचा परतीचा स्लॉट द्या" असं मागा. शब्द बदलला की मागणी बदलते.

तुमच्या आईचं वाचून एक आठवलं. २००४-०५ चा सुमार, एक रुपयाच्या तिकिटांचे दिवस. रात्रीची फ्लाइट, मी शिडीपाशी उभा. नऊवारीतल्या एक आजी आल्या, हातात कापडी पिशवी, शिडीपाशी थांबल्या, खाली वाकून पहिल्या पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला, जशी एसटीच्या पायरीला लावतात तशीच. मागची रांग थांबली, कोणी एक शब्द बोललं नाही. स्वस्तातल्या विमानाविषयी मी एवढं पोटतिडकीने का लिहितो ते यात आलं.

सकाळचं विमान स्वस्त पण पडतं आणि वेळेवर पण असतं, असं का? (वाचक ताई, कळवा)

स्वस्त नेहमीच नसतं, पण वेळेवर बहुतेक असतं, कारण ते विमान रात्री तिथेच झोपलेलं असतं. स्वस्तातल्या कंपनीचं एक विमान दिवसात पाच-सहा उड्डाणं करतं, बारा तासांच्या आसपास हवेत असतं, आणि दोन उड्डाणांच्या मधे जमिनीवर २५-३० मिनिटंच.

ती २५ मिनिटं कशी असतात सांगतो. विमान बे वर, म्हणजे उभं राहायच्या जागी, येतं, त्याला थांबायची खूण करणारा मार्शल हात वर नेऊन क्रॉस करतो, इंजिनाचा आवाज उतरत जातो, पोटाखालची लाल बत्ती बंद झाली की मगच आपण आत शिरायचं. पुढच्या चाकाला चोक, मग भोवती कोन, मग बॅगांचा पट्टा, म्हणजे बेल्ट लोडर, विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेला, होल्डला. होल्डमधे उभं राहता येत नाही, एक पोरगा गुडघ्यांवर बसून बॅगा ओढतो, दुसरा दारात, मे महिन्यात आतला पत्रा एवढा तापलेला असतो की पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो. वर केबिन क्रू स्वतःच सीटच्या खिशातला कचरा काढत असते, बाजूला इंधनाचा पाइप लागलेला, आणि हे सगळं चालू असताना पुढच्या प्रवाशांची बस येऊन उभी राहिलेली असते. साउथवेस्टने १९७२ मधे पैशासाठी चारपैकी एक विमान विकलं आणि वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवलं, ते जमवायला दहा मिनिटांत विमान फिरवायला शिकले, या धंद्याची बाराखडी तिथून आलीय.

आता या साखळीत एका ठिकाणी वीस मिनिटं गेली की ती पुढच्या प्रत्येक गावात थोडी थोडी वाढत जातात आणि रात्रीच्या विमानाला दीड तास उशीर होतो. म्हणून लग्न, इंटरव्ह्यू, हॉस्पिटल असलं काही असेल तर पहिलं विमान धरा.

आमची जमीन विमानतळात गेली. मुलगा बारावी झालाय, तिथे काम मिळेल असं सगळे म्हणतात, एक क्लासवाला दीड लाख मागतोय, नोकरीची गॅरंटी देतो म्हणतो. भरू का? (वाचक भगिनी, उलवे)

ताई, भरू नका. गॅरंटी कोणताही क्लास देऊ शकत नाही, कारण विमानतळात आत जायचा पास, एअरपोर्ट एंट्री परमिट, हा ज्या कंपनीत नोकरी लागते तिच्यामार्फत, पोलीस पडताळणी होऊन निघतो, क्लासवाल्याच्या हातात तो नसतो.

कामं मात्र खरंच वाढणार आहेत आणि ती विमानांच्या संख्येवर वाढतात. लोडर, रॅम्पवरचे ड्रायव्हर, चेक-इन, सफाई, कार्गो, केटरिंग. मुलाचं वय बसत असेल तर आधी गाडीचं लायसन काढून द्या आणि पुढे हेवी लायसनच्या मागे लावा, पुशबॅकचा टग, म्हणजे विमानाला मागे ढकलणारी गाडी, आणि बस चालवणाऱ्यांना लोडरपेक्षा चांगला पगार असतो आणि हे आपल्याकडच्या मुलांना कोणी सांगत नाही. बारावी सायन्स, फिजिक्स-मॅथ्स असेल आणि अभ्यासाची तयारी असेल तर विमानाच्या देखभालीचा एएमई कोर्स आहे, लांबचा आणि खर्चाचा आहे, पण तो घेताना संस्था डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यताप्राप्त आहे का हे डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा, क्लासच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट बघून नको. आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला, जमिनीचे कागद, मुलाचं नाव त्या घरात लागलेलं, हे सगळं एका फाइलमधे आत्ताच लावून ठेवा. मुलाची मार्कशीट कुठल्या विषयांची आहे ते मला कळवा, पुढच्या अंकात नाही, त्याआधीच उत्तर पाठवतो.